बुधवारी कोण वाचतं?

दिगंबर महाजन गेल्याचं त्याच्या मेहुण्यानं, प्रकाशनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते. "दाजी गेले," एवढंच तो बोलला.  मागे शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी जळगावहून निघालो आणि साडेनऊच्या सुमारास बुऱ्हाणपूरला, इतवाऱ्यातल्या त्याच्या घरी पोचलो. दिगंबरचं वय एक्कावन्न. आतड्याचा कर्करोग, वर्षभराचं आजारपण, शेवटचे तीन आठवडे घरीच. बातमी अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित होतं ते वरच्या खोलीत. संगणक चालू राहिला होता. जगभरच्या वेब डेव्हलपरांसाठी तो जो फोरम चालवायचा तो पडद्यावर उघडा होता, आणि त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. माणूस हजर असल्याची ती खूण. खाली कोणी तरी त्याला विचारत होतं की नवीन आवृत्तीत जोडणी दर दोन मिनिटांनी का तुटते. दुसऱ्या कोणी त्या प्रश्नाला पुस्ती जोडली होती. दोघंही उत्तराची वाट पाहत होते.

मंगलवहिनी, दिगंबरची पत्नी, माझ्या मागोमाग जिना चढून आल्या. राजपुऱ्यातल्या प्राथमिक शाळेत त्या पंचवीस वर्षं शिकवतात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "भावजी, या लोकांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि आता यांचं वाचणार कोण?"

पहिला प्रश्न माझ्या, बातमीदाराच्या धंद्यातला होता. मी तीन ओळी लिहिल्या: कोण, कधी, कशानं. दिगंबरची विद्यार्थिनी रूपाली पाटील असीरगडहून पहिल्या बसनं आली होती. तिनं त्या इंग्रजीत करून फोरमवर टाकल्या. दहा मिनिटांत पहिला प्रतिसाद आला. रोमन अक्षरांत एकच मराठी शब्द: वाचलं. मग दुसरा, तिसरा. दुपारी अंत्ययात्रेहून परतलो तेव्हा पान खाली सरकवत नेलं तरी संपत नव्हतं, आणि प्रत्येक ओळीत तेवढाच शब्द होता. ज्यांनी तो लिहिला त्यातल्या बहुतेकांना मराठी येत नाही. शेजारचे एक काका चष्मा लावून हे पाहत होते. ते म्हणाले, "हे सगळे आपल्या दिगूचे? आन् आपल्याला पत्ताच नाही!" मंगलवहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्या दिवशी कोणी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न वर्षभर त्या घरात होता, आणि तो का होता हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

बावीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या बुऱ्हाणपूर कार्यालयात होतो. नगर निगमच्या निवडणुकीचे निकाल वेबसाइटवर द्यायचं ठरलं आणि वेबसाइट बनवणारा गावात एकच माणूस होता. इतवाऱ्यात वडिलांचं कापडाचं दुकान, वर हा. मतमोजणी सुरू झाली आणि अर्ध्या तासात आमची वेबसाइट बंद पडली. कारण साधं होतं. वेबसाइटवरचं पान एकदा उघडलं की ते तसंच राहतं. नवीन आकडा बघायचा तर पान पुन्हा मागवावं लागतं. सगळं गाव दर मिनिटाला पान मागवत होतं आणि आमचा सर्व्हर प्रत्येकाला तेच पान, तोच आकडा पुन्हा वाढून देता देता थकला. संपादकांनी दिगंबरला फोनवर बरंच सुनावलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "लोक इतक्या वेळा का विचारून राहिले?" मी म्हटलं, त्यांना आकडा बदलला का ते कळत नाही म्हणून. तो म्हणाला, "मग बदलल्यावर आपणच सांगू ना यार. त्यांनी कशाला विचारायचं?"

आज हे कोणालाही नवीन वाटणार नाही. फोनवर मेसेज आपोआप येतो, क्रिकेटचा धावफलक डोळ्यांसमोर बदलतो, टॅक्सी नकाशावर सरकताना दिसते. तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात अशी उघडी वाट ठेवणं अवघड होतं, आणि ती वाट ठेवणारं काम प्रत्येक डेव्हलपर आपापल्या परीनं, आपापल्या चुका करत नव्यानं लिहायचा. दिगंबरनं ते एकदाच नीट लिहायचं ठरवलं. आठ वर्षं लागली. त्या कोडला त्यानं नाव दिलं सांगावा, आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला: कोणीही घ्यावा, आपल्या वेबसाइटला जोडावा, बदलावा. घर चालत होतं ते दुकानांच्या आणि शाळांच्या वेबसाइट बनवून. सांगावा वापरणाऱ्यांचे प्रश्न येऊ लागले म्हणून त्यानं फोरम काढला. त्याचं नाव चौक. चौकात कोण आलं, कोण गेलं, कोण कोणावर ओरडतंय, कोणाला बाहेर काढायचं, हे सगळं तो एकटा बघायचा. मी एकदा विचारलं की यातलं अवघड काय, कोड की माणसं? त्यानं विचारदेखील केला नाही. "कोड रुसत नाही," तो म्हणाला.

चौकाचा एक नियम होता आणि तो दिगंबरचा होता. विचारलेला कोणताही प्रश्न एक दिवसाच्या वर मुका राहायचा नाही. उत्तर माहीत असेल त्यानं उत्तर द्यावं. माहीत नसेल तर कोणी तरी तो वाचून खाली लिहावं: वाचलं, उत्तर माहीत नाही. जो हे लिहील त्यानं पुढे त्या प्रश्नाचा माग ठेवायचा, योग्य माणूस शोधायचा, तोपर्यंत इतरांनी त्यात हात घालायचा नाही. हे यंत्रावर सोडायला तो तयार नव्हता. मेसेज पोचल्याची पावती यंत्र देतं, सांगावाही देतो. पण माणसानं वाचलं की नाही हे यंत्राला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला तो हे इंग्रजीत लिहायचा. मग कधी तरी मराठीत लिहिलं आणि लोकांनी तो शब्द उचलला. एका डेव्हलपरनं विचारलं होतं की ही अक्षरं कोणत्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. दुसऱ्यानं त्याला आत्मविश्वासानं काही तरी उत्तरही दिलं होतं. दिगंबर ते उत्तर आल्या-गेल्याला दाखवायचा.

घरी हा नियम लागू नव्हता. वहिनी शाळेतून मेसेज करायच्या, येताना दही आणा. संध्याकाळी सहापर्यंत तो मेसेज उघडलेलाही नसे. चौकात तोवर व्हिएतनाममधल्या हनोईच्या एकाला उत्तर गेलेलं असे. "हनोईवाल्याचं वाचता, माझं दही राहिलं," त्या म्हणायच्या. तो म्हणायचा, "हनोईवाला समोर येऊन मागू शकत नाही ना. तू मागू शकतेस." हे उत्तर त्याला फार चांगलं वाटायचं. वहिनींना वाटत नसे. त्याचा स्वभाव एरवीही सरळ नव्हता. प्रश्नाच्या मथळ्यात कोणी तातडीचं असं लिहिलं की तो मुद्दाम शेवटी वाचायचा. एकदा एका नव्या माणसाला त्यानं चौकातून काढून टाकलं आणि चार दिवसांनी कळलं की भांडण सुरू करणारा तो नव्हताच. त्या माणसाची त्यानं सर्वांसमोर माफी मागितली, पण तो परत आला नाही. त्याचं नाव दिगंबरला शेवटपर्यंत पाठ होतं.

रूपाली त्याच्याकडे आली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे वडील असीरगडच्या पायथ्याशी कापूस आणि केळी करतात. तिथे तेव्हा रेंज मिळायची ती मंदिराच्या ओट्यावर. ती लॅपटॉप घेऊन तिथे बसायची आणि गावातल्या बाया विचारायच्या, पोथी वाचून राहिली का? दिगंबर अशा पाच-सहा मुलामुलींना रविवारी शिकवायचा. एकदा तो सगळ्यांना कुंडी भंडाऱ्याला, मुघलकाळच्या भुयारी पाणीयोजनेला, घेऊन गेला. मीही होतो. लिफ्टनं खाली उतरलो की दगडी भुयारातून पाणी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, उतारानं, आपोआप येत असतं. दिगंबर म्हणाला, "बघा, इथे पाणी कोणी मागत नाही. येतं. सांगावा असाच आहे." मुलांनी माना हलवल्या. रूपालीनं विचारलं, "सर, मधली एक कुंडी बुजली तर? तोपर्यंत आलेलं पाणी कुठे जातं?"   नंतरचे काही दिवस दिगंबर वरच्या खोलीतून जेवणापुरता खाली यायचा. जोडणी तुटली आणि परत जुळली की मधल्या काळातले मेसेज क्रमानं पोचवायचे, हा सांगाव्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत वापरला जाणारा भाग त्या प्रश्नातून आला. पुढे रूपालीनं पुण्याच्या एका कंपनीत नोकरी धरली, काम घरूनच, पण सांगाव्यातला हा भाग तिच्याच हाताखाली राहिला.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आजाराचं निदान झालं. शस्त्रक्रिया इंदूरला. दिगंबरनं घरच्यांना आणि मला सांगितलं, चौकात कोणाला सांगितलं नाही, रूपालीलाही नाही. आम्हा सर्वांना वाटलं, तो रजेची पाटी लावून गेला असेल. तशी पाटी नव्हती. जाण्यापूर्वी त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. चौकात नवीन प्रश्न आला की तो प्रोग्राम दिगंबरच्या नावानं खाली एक शब्द लिहायचा: वाचलं.

पंधरा दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी नायजेरियातल्या लागोसच्या एका डेव्हलपरनं चौकात एक दोष नोंदवला. नव्या आवृत्तीत जोडणी तुटून परत जुळली की मधले सगळे मेसेज येतात, शेवटचा एक गळतो. त्यानं पुरावाही जोडला होता. खाली दिगंबरचं वाचलं होतं. म्हणजे सरांनी हातात घेतलं, असं सर्वांनी धरलं. नियमाप्रमाणे कोणी हात घातला नाही.

इकडे केळीची कापणी चालू होती. दिगंबरनं मेहुण्यासाठी आणि त्याच्या ओळखीतल्या शेतकऱ्यांसाठी सांगावा वापरून फोनवरचं एक पान करून दिलं होतं. गाडी निघाली की व्यापारी त्यावर कळवायचा, मग मजूर घड कापायला घ्यायचे. केळी झाडावर चार दिवस थांबते, कापल्यावर थांबत नाही. म्हणून गाडी आणि कापणी यांची वेळ जुळणं हेच सगळं काम. लागोसच्या नोंदीनंतर सहाव्या दिवशी सकाळी प्रकाशला तीन मेसेज पाठवले गेले. गाडी निघाली. गाडी रस्त्यात आहे. गाडी बिघडली, कापणी थांबवा. प्रकाशचं शेत शाहपूरच्या बाजूला, तापीकाठी, तिथे रेंज येते-जाते. त्याला पहिले दोन मिळाले. अकरा वाजेपर्यंत बांधावर गाडीभर केळी कापून पडली होती, वर केळीचीच पानं झाकून.

त्या आठवड्यात इतवाऱ्यातल्या दिगंबरच्या गल्लीत प्रत्येक घरात हिरव्या केळीचे घड होते. प्रकाशनं जेवढं जमलं तेवढं दुसऱ्या गाडीत घातलं आणि उरलेलं बहिणीच्या दारात आणून उतरवलं. वहिनी इंदूरला होत्या, म्हणून शेजारणींनी ताबा घेतला. तीन दिवस ओट्यांवर कढया होत्या आणि बाया वेफर तळत होत्या. उरलेली केळी मग एकाच दिवशी पिकली. चौथ्या दिवशी गल्लीतल्या गायी केळी बघून तोंड फिरवायला लागल्या. प्रकाश हे हसून सांगतो, पण केळी बांधावर पडली त्या दिवशी त्यानं इंदूरला फोन करून दिगंबरला म्हटलं होतं, "दाजी, तुमचा सांगावा लय भारी. सगळं सांगतो, थांब म्हनायचं सोडून." दिगंबरला शस्त्रक्रिया होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. त्यानं वहिनींकडे फोन दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

प्रकाशनं रूपालीलाही कळवलं. शेवटचा मेसेज गळला हे ऐकून तिनं चौकात शोध घेतला आणि तिला लागोसची नोंद सापडली. तिच्याखाली वाचलं. मग सहा दिवस काहीच नाही. रूपाली दिगंबरला दहा वर्षं ओळखत होती. तो वाचलं लिहायचा त्याला कधी दोन मिनिटं लागत, कधी सहा तास, आणि पुढे काही तरी असायचंच: वाचलं, चहा घेऊन बघतो. वाचलं, तुम्ही हे आधीही केलंय. तिनं मागच्या सगळ्या नोंदींच्या वेळा काढल्या. प्रत्येक वाचलं प्रश्नानंतर चार सेकंदांनी आलं होतं. तिनं घरी फोन लावला, शेजारणीनं उचलला, आणि तिला इंदूरचं कळलं.

त्या दोघांचं फोनवरचं बोलणं वहिनींनी ऐकलं, कारण फोन त्यांनीच धरला होता.

"सर, चौकात कोण बसलंय?"

"मीच की."

"चार सेकंदांत वाचता?"

 दिगंबर म्हणाला, "इथे वॉर्डात नेट चालत नाही गं. लोकांना वाटू नये की कोणीच नाही..."

"पण कोणी नव्हतंच ना, सर."

 रूपालीनं तब्येत विचारली, तिचा आवाज बिघडला, तिनं फोन ठेवला. दोष तिनं त्याच दुपारी दुरुस्त केला. प्रोग्राम मात्र बंद केला नाही. दिगंबरच्या नावानं चालणारी गोष्ट दिगंबरनंच बंद करावी, असं तिचं मत होतं. चौथ्या दिवशी तो घरी आला आणि आधी वर गेला, मग अंथरुणावर.

दोन दिवसांनी त्यानं मला बोलावलं. "तुमच्याकडे चुकीचं छापलं की काय करता?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. "हो, बघितलंय. आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात." त्यानं लिहिलेली दुरुस्ती दीड पानाची होती. त्यात आजार होता, वॉर्ड होता, न चालणारं नेट होतं. मी विचारलं, यातलं लोकांना काय कळायला हवं? त्यानं पेन्सिल घेतली आणि स्वतःच खोडत गेला. चार वाक्यं उरली. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत माझ्या नावाचं वाचलं यंत्रानं लिहिलं आहे. मी ते प्रश्न वाचले नव्हते. त्यामुळे एक गंभीर दोष सहा दिवस दडून राहिला आणि लोकांचं नुकसान झालं. चूक माझी. ही दुरुस्ती चौकाच्या अगदी माथ्यावर महिनाभर राहिली. शिवाय त्या पंधरा दिवसांतल्या प्रत्येक प्रश्नाखाली तो स्वतः गेला आणि लिहिलं: हे मी वाचलं नव्हतं, आता वाचलं. शंभरावर प्रश्न होते. अंगात ताकद नव्हती, रोज आठ-दहाच व्हायचे. बऱ्याच प्रश्नांना तोवर उत्तरं मिळालेली होती. वहिनी म्हणाल्या, मिळालंय ना उत्तर, मग कशाला? तो म्हणाला, "तू वही तपासतेस. मुलाचं उत्तर बरोबर असलं तरी बघितल्याची खूण करतेसच ना?"

काही माणसं चौक सोडून गेली. बरीच राहिली. पण राहिलेल्यांत एक विचार सुरू झाला की हा नियमच काढून टाकावा. यंत्रानं पावती द्यावी, प्रश्नांची यादी करावी, ज्याला वेळ असेल त्यानं उत्तर द्यावं. जगातल्या बाकीच्या फोरमवर तसंच चालतं. हा विचार मांडणाऱ्यांत रूपाली पुढे होती. त्यावरून दोघांत वरच्या खोलीत जे वाद झाले त्यातल्या एकाला मी हजर होतो. ती म्हणाली, "सर, नियम चांगला आहे. पण तो एका माणसावर उभा आहे, आणि त्या माणसाला इंदूरला जावं लागलं तर त्याला खोटं बोलावं लागतं. असा नियम काय कामाचा?" दिगंबर चिडला नाही. त्याला वादात हरताना मी पहिल्यांदा पाहिलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. एका माणसावर नको." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चौकात एक तक्ता लावला. सात वार, सात रिकाम्या जागा. प्रत्येक वाराला एक वाचक हवा. कोड यायची अट नाही, रोज यायची गरज नाही, आठवड्यातून एक दिवस चौकात जे येईल ते सगळं वाचायचं आणि वाचलं असं लिहायचं. सात वाचक मिळाले तर नियम राहील. नाही मिळाले तर रूपाली म्हणते तसं करू आणि यंत्रावर सोपवू. मुदत त्यानं घातली नाही. ती त्याच्या तब्येतीनं घातलेली होती, हे रूपालीला आणि घरच्यांना माहीत होतं, चौकाला नव्हतं.

सोमवार लागोसच्या माणसानं घेतला, ज्याचा प्रश्न दडून राहिला होता तोच. पुढचे काही महिने एकेक वार भरत गेला. हनोईनं शनिवार घेतला. रूपालीनं रविवार घेतला, आपला मुद्दा तसाच ठेवून. तक्त्यात नाव लिहिताना तिनं पुढे लिहिलं, तात्पुरती. प्रकाश भेटायला यायचा तेव्हा आधी तक्ता बघायचा. त्याला त्यातलं काही कळत नसे, पण रिकामी जागा कळायची. "दाजी, बुधवारचा भाव पडलेला दिसतो. कोनी उचलेना." दिगंबरनं बुधवार भरायला काय काय केलं ते सांगून संपणार नाही. त्यानं जुन्या लोकांना लिहिलं, भांडून गेलेल्यांना लिहिलं. रूपाली म्हणाली, सर, सहा वाचकांवर चालवू, बुधवारी सुट्टी. तो म्हणाला, "बुधवारी कोणाचं काही बिघडणार नाही, असं मला लिहून दे." शेवटच्या तीन आठवड्यांत तो बोलायचा कमी, पण सकाळी पहिला प्रश्न तोच असायचा. बुधवारला कोणी आलं का? तो गुरुवारी पहाटे गेला. बुधवार रिकामाच होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. रूपाली आली होती. तिनं नव्या रचनेचा मसुदा करून आणला होता. नियम काढायचा, पावती यंत्राची. तिला तो चौकात टाकण्याआधी वहिनींना दाखवायचा होता, दाखवलाच पाहिजे असं काही नसतानाही. वहिनींनी तो हातात घेतला, उघडला नाही. "आता बुधवारी कोण वाचतं?" त्यांनी विचारलं. रूपाली म्हणाली, "कोणी नाही, काकू." वहिनी म्हणाल्या, "मग मी वाचते. इंग्रजी येतं मला, पाचवीला शिकवण्यापुरतं." रूपालीनं सांगून बघितलं की तिथले प्रश्न फार तांत्रिक असतात, एक ओळही समजणार नाही. वहिनी म्हणाल्या, "पहिलीच्या मुलांचं अक्षर तू बघितलंयस? पंचवीस वर्षं वाचून राहिले मी." रूपालीनं मसुदा पिशवीत ठेवला, पण फाडला नाही. महिनाभर बघू, असं ती मला जिन्यात म्हणाली.

मागच्या बुधवारी मी बुऱ्हाणपूरला गेलो होतो. दिगंबरला जाऊन पाच आठवडे झाले होते, वहिनींचा हा तिसरा बुधवार. दुपारी शाळेतून आल्यावर त्या वर गेल्या, पर्स अडकवली आणि टेबलापाशी उभ्या राहूनच चौक उघडला. रूपाली पलंगाच्या कडेवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बुधवारी ती येते, स्वतःचं काम करते, अडलं तर शब्द सांगते. पाच प्रश्न होते. चारांखाली वहिनींनी वाचलं, उत्तर माहीत नाही, असं लिहिलं. पाचवा त्यांनी दोनदा वाचला. कोणी तरी लिहिलं होतं की त्याच्या वेबसाइटवर मेसेज उलटसुलट येतात, दोन दिवस शोधतोय, काही सापडत नाही. "रूपाली, हा म्हणतो उलटसुलट. पण आधी कोणता आला ते कुठे लिहिलंय?" रूपालीनं मान वर केली आणि म्हणाली, लिहिलेलं नाही. वहिनींनी वाचलं असं लिहिलं, आणि त्यापुढे त्यांच्या पाचवीच्या इंग्रजीत एक प्रश्न: आधी कोणता आला?

उत्तर वीस मिनिटांनी आलं. त्या माणसानं आलेल्या मेसेजांची वेळांसकट क्रमवार यादी टाकली होती. त्याखाली दुसरी ओळ: यादी करताना कळलं, दुसरा मेसेज मीच दोन ठिकाणांहून पाठवत होतो. सापडलं. आभार. रूपाली उठून पडद्यापाशी आली आणि ते वाचून हसली. वहिनींनी विचारलं, "काय सापडलं त्याला?" रूपालीनं समजावायला सुरुवात केली. ते लांबलं, मध्ये खाली जाऊन मी चहा आणला, तरी ते चालूच होतं. वहिनी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे. दुसरा दोनदा गेला म्हणून आधी पोचला. पण मग पहिला तेवढा वेळ कुठे थांबला होता?"

 रूपालीनं यादी पुन्हा वाचली, वेळा बोटानं मोजल्या... "हे त्याच्या चुकीनं होणार नाही," ती म्हणाली. "हे आपल्याकडचं, सांगाव्यातलं आहे. थांबा, बघते." टेबलाखाली सरकवलेली खुर्ची तिनं पडद्याकडे बघत बघतच ओढली आणि बसली. पाच आठवडे त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं, त्यांनी तिच्या हातातला कप घेतला, बाजूला ठेवला, आणि वाकून तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघू लागल्या.